खानदेशचें जुनें अन्न

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, रावेर तालुक्यांत सावदा म्हणून एक गांव आहे. डिसेंबर १९३६ मध्यें ज्या फैजपुरास पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, आणि खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन म्हणून जें प्रसिद्धीस आलें, त्या फैजपुराचें हें शेजारचें गांव. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सावद्याचें स्टेशन लागतें, आणि त्या स्टेशनांतून केळ्यांच्या किती वाघिणी उत्तर हिंदुस्थानांत गेल्या याचा हिशेब मांडूं म्हटल्यास मोठी वही लागेल. सावदा म्हटलें कीं केळीं, असें समीकरणच लोकांच्या मनांत बसून गेलें आहे. परंतु याच गांवीं जुन्या वळणाच्या एखाद्या घरीं पाहुणा जेवावयास बसला, तर त्याच्या ताटांत केळें क्वचितच येतें. येते ती उडीद मिसळलेल्या ज्वारीची काळसर भाकरी. तिच्या जोडीला वांग्याचें भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि वर कच्च्या तेलाची धार. केळ्याचा मान उपवासाला, शिकरणाला अथवा प्रसादाला. भोंवतालीं दृष्टि पोंचेल तेथवर केळीच्या बागा, आणि ताट मात्र ज्वारीचें, असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास खानदेशच्या अन्नाचा बराचसा इतिहास उलगडत जातो.

कोणत्याहि मुलुखाचें अन्न प्रथम तेथील जमीन आणि पाऊस ठरवितात. खानदेशाच्या या भागांत वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळकडील पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. तापीकांठची काळी जमीन मात्र ओल धरून ठेवते. अशा ठिकाणीं भात हें रोजचें अन्न होऊं शकत नाहीं. ज्वारी, बाजरी, तूर, उडीद, मूग, तीळ आणि कपाशी हींच येथलीं जुनीं पिकें. त्यांतहि ज्वारीचा मान पहिला. तिच्या कणसांतून माणसाची भाकरी निघते आणि धांड्यांतून गुरांचा कडबा निघतो. शेतकऱ्याच्या घरीं खाणारीं तोंडें माणसांचीं तशीं बैलांचींहि; एकाच पिकानें दोघांची सोय लावावी, हा ज्वारीचा मोठा गुण होता.

तथापि जुनें अन्न म्हणजे अनादि अन्न असें कोणीं समजूं नये. ज्वारी ही मूळची आफ्रिकेंतील. ती फार प्राचीन काळीं इकडे आली. मिरची, भुईमूग आणि मका हीं तर अमेरिकेचीं पिकें. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर तीं या देशांत शिरलीं. आज मिरचीवांचून ठेच्याची आणि शेंगदाण्यांवांचून खानदेशी भाजीची कल्पनाहि करवत नाहीं. उलट केळ ही भारतभूमीला फार पुरातन काळापासून परिचित आहे. असें असतां परकी मिरची ताटांत घरच्यासारखी नांदते आणि जुनी केळ कडेला उभी राहते, याचें कारण एवढेंच कीं, मिरची स्वयंपाकघरासाठीं आली व तेथें राहिली. केळीच्या मोठ्या बागा मात्र विसाव्या शतकांत विहिरींच्या पाण्यावर आणि आगगाडीच्या सोयीवर वाढल्या. त्यांचें फळ पहिल्यापासून दूरच्या बाजारासाठींच होतें. जें पीक बाजारासाठीं जन्मास येतें, त्याच्या भोंवतीं स्वयंपाकाची परंपरा सहसा उभी राहत नाहीं.

आतां या ताटांतील एकेक पदार्थ पाहूं. पहिला मान कळण्याच्या भाकरीचा. ज्वारींत अख्खे काळे उडीद मिसळून, थोडें मीठ आणि कोठें कोठें मेथीचे दाणे घालून जें दळण करितात, त्याला कळणा म्हणतात. सामान्यतः चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद असें प्रमाण असतें. परंतु प्रत्येक घराचें प्रमाण थोडें निराळें, आणि प्रत्येक घराला आपलेंच बरोबर वाटतें. ज्वारीच्या पिठांत गव्हाच्या कणकेचा चिवटपणा नसतो. म्हणून तें गरम पाण्यांत मळावें लागतें आणि भाकरी लाटण्याऐवजीं थापावी लागते. उडदानें त्या पिठाला चिकटपणा येतो, भाकरीच्या कडा फाटत नाहींत, आणि शेतावर नेलेली भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. आहारशास्त्राच्या दृष्टीनेंहि ही जोड मोठी शहाणपणाची आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा आवश्यक घटक कमी असतो, तो उडदांत पुरेसा असतो. आणि उडदांत जें उणें, तें धान्य भरून काढतें. ज्या बायकांनीं ही जोड घातली त्यांना लायसीनचें नांव ठाऊक नव्हतें. पण कोणत्या भाकरीनें माणूस दिवसभर नांगरामागें टिकतो, हें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें होतें. याच मुलुखांतील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं आपलीं गाणीं जात्याच्या घरघरींत आणि शेतांतील कामांत रचलीं. त्या जात्यांतून पडणारें पीठ बहुधा ज्वारीचें असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या धान्याचें तेथील जीवनांतील स्थान समजून येतें.

भाकरीच्या जोडीला हिंवाळ्यांत भरीत येतें. या भरताचें वांगें निराळें असतें. तें पोपटी-पांढरट रंगाचें, आकारानें मोठें, कमी बियांचें आणि पातळ सालीचें. यावल तालुक्यांतील बामणोदचीं वांगीं यासाठीं विशेष नांवाजलेलीं आहेत. वांग्याला तेल लावून तें कपाशीच्या अथवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. या काड्यांचा जाळ मोठा पण थोडा वेळ टिकणारा असतो. त्यामुळें साल करपून सुटते, गर आंतल्या आंत शिजतो, आणि धुराचा वास मात्र त्यांत उतरतो. कोळशावर अथवा गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाहीं, असें जाणते लोक सांगतात तें याच कारणानें. सोललेलीं वांगीं लांकडी बडगींत घालून, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण यांच्यासह मुसळानें ठेंचावयाचीं. मग तेलांत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून त्यांत तो गर मिसळावयाचा. शेवटीं भरपूर कोथिंबीर. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यांत भरीत-रोडगा होऊन परत येतें, आणि तेथपासून थंडी सरेपर्यंत मळ्यामळ्यांतून भरताच्या पंगती उठत राहतात. वांगें शेतांतलें, काड्या शेतांतल्या, आणि जेवणारीं माणसेंहि त्याच शेतांत राबलेलीं. या पदार्थाला बाहेरून आणावें लागे तें फक्त मीठ आणि खोबरें.

लग्नकार्यांत भाकरी मागें पडून वरण-बट्टी पुढें येते. गव्हाच्या जाडसर पिठांत थोडें मक्याचें पीठ, ओंवा, हळद, मीठ आणि तेलाचें मोहन घालून गोळे करावयाचे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजावयाचे किंवा वाफवून, कापून तळावयाचे. आणि तुरीच्या घट्ट वरणांत चुरून वर तूप घ्यावयाचें. बरोबर मोठ्या कढईंत घोटलेली वांग्याची भाजी असलीच पाहिजे. सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यांतील लेवा पाटीदार समाजाच्या पंगतींत हें जेवण ठरलेलें असतें. निमाड, माळवा आणि राजस्थान येथील बाटीशीं या बट्टीचें नातें उघड आहे. गुजराथ, माळवा आणि वऱ्हाड यांच्या मधोमध वसलेल्या खानदेशानें तिन्ही शेजाऱ्यांकडून घेतलें आणि त्याला आपला तिखटपणा दिला. भिजविलेली तुरीची डाळ जाडसर वाटून, हातानें वळून, वाफवून केलेले फुणके कढीबरोबर खावे, हीहि येथलीच रीत. हल्लीं मुंबई-पुण्याकडे खानदेशी म्हणून जिचा बोलबाला आहे ती शेवभाजी मात्र हमरस्त्यावरील खाणावळींनीं प्रसिद्धीस आणलेली. भाकरी-भरताच्या मानानें ती बरीच अलीकडची.

परंतु खानदेशी हाताचें खरें कौशल्य पाहावयाचें तर आखाजीला पाहावें. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्यतृतीया, हीच खानदेशची आखाजी. या दिवशीं पितरांच्या नांवें घागर भरतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात. झाडाझाडांना झोके बांधले जातात. आणि घरोघरीं आमरसाबरोबर खापराची पुरणपोळी होते. खापर म्हणजे कुंभारानें घडविलेलें, बाहेरून गुळगुळीत असें मोठें मातीचें भांडें. तें चुलीवर पालथें घालून तापवितात. वस्त्रगाळ कणीक पाणी लावीत लावीत इतकी मळावयाची कीं ती ओढली असतां तुटूं नये. मग पुरण भरलेला गोळा पोळपाटाशिवाय, दोन्ही हातांवर पेलून, फिरवीत फिरवीत वाढवावयाचा. कोंपरापर्यंत तो पातळ पसरला म्हणजे एका झोंकांत खापरावर टाकावयाचा. पोळी फाटली तर पुरण खापरावर सांडतें व करपतें. म्हणून नवशिकीला हें काम कोणी सहसा देत नाहीं. ती शेजारीं बसून पाहते, पुरणाचे गोळे करून देते, आणि कांहीं वर्षांनीं एखाद्या आखाजीला तिच्या हातावर पहिला गोळा येतो. ही विद्या सांगून समजण्यासारखी नाहीं. कणीक किती ओलसर असावी हें हातालाच कळावें लागतें.

त्याच उन्हाळ्यांत वाळवणाचें काम चालतें. ज्या उन्हाला इतर प्रांतांतील माणूस भितो, त्याच उन्हाला खानदेशच्या गृहिणींनीं कामाला लाविलें आहे. ज्वारी कांहीं दिवस भिजवून, आंबवून, वाटून, शिजवून, तींत तीळ, जिरें आणि लसूण घालून कापडावर पातळ थापावी, कीं बिबड्या होतात. गहूं तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढावा, शिजवावा आणि साच्यांतून पाडावा, कीं कुरडया होतात. उडदाचे पापड, शेवया, सांडगे हीं सर्व याच दिवसांतलीं. पावसाळ्यांत भाजीपाला मिळेनासा झाला, चूल ओल्या सरपणानें धुमसूं लागली, म्हणजे या डब्यांवर घर चालत असे. हें काम एकटीचें नव्हे. आज एकीच्या अंगणांत, उद्यां दुसरीच्या, अशी सावड असे. मुलें चीक खाण्यासाठीं घोटाळत, म्हाताऱ्या राखणीला बसत, आणि पदार्थाबरोबर त्याची रीतहि एका घरांतून दुसऱ्या घरांत जाई. श्रावणांतील कानबाईच्या उत्सवांतहि हीच गोष्ट दिसते. घरांतील माणसांच्या संख्येप्रमाणें मुठीनें धान्य मोजून तें रोटासाठीं दळतात, आणि तो रोट भाऊबंद एकत्र बसून संपवितात. कोण आपल्या कुळांतला, याची मोजदाद तेथें धान्याच्या मुठींनीं होते.

अन्नाची अशी घडण एकट्या खानदेशची नव्हे. पॅसिफिक महासागरांतील पॉलिनेशियन लोकांचें उदाहरण या बाबतींत मोठें बोधप्रद आहे. हे दर्यावर्दी लोक जोड-होड्यांतून हजारों मैलांचा समुद्र ओलांडून नव्या बेटांवर गेले, तेव्हां त्यांनीं बरोबर अळूचे कंद, नीरफणसाचीं रोपें, केळीचे मुनवे, नारळ, डुकरें आणि कोंबड्या नेल्या. आपण ज्याच्या पानांच्या वड्या करितों त्याच अळूचा कंद हवाई बेटांत भाजून, दगडी बत्त्यानें कुटून, पाणी घालून लापशीसारखा करितात. त्याला पोई म्हणतात. जमिनींत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर कंद, मासे आणि मांस पानांत गुंडाळून ठेवावयाचें, वरून पानें व माती लोटावयाची, ही त्यांची भट्टी. वादळानें झाडें पडलीं तर उपासमार होऊं नये म्हणून नीरफणसाचा गर खड्ड्यांत पुरून आंबवून ठेवण्याची रीत मार्केसस व इतर बेटांवर होती. आमच्या बिबड्यांमागें जी दूरदृष्टि आहे, तीच त्या खड्ड्यामागें आहे.

पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हवाईमध्यें उंसाचे मोठे मळे उभे राहिले. ज्या ओढ्यांच्या पाण्यावर अळूचीं खाचरें भिजत, तें पाणी पाट खणून उंसाकडे वळविण्यांत आलें, आणि अळूचें क्षेत्र झपाट्यानें घटलें. सामोआ, टोंगा इत्यादि बेटांवर विसाव्या शतकांत मैदा, साखर आणि डबाबंद मांस येऊन कंदमुळांची जागा घेऊं लागलें. आज स्थूलपणा आणि मधुमेह यांचें प्रमाण ज्या देशांत जगांत सर्वांत अधिक आहे, त्यांत या बेटांची गणना होते. हवाईच्या लोकांना ही हानि जाणवली, आणि १९७० नंतरच्या दशकांत आपल्या भाषेबरोबरच अळूच्या खाचरांचेंहि पुनरुज्जीवन करण्याची चळवळ त्यांच्यांत सुरू झाली.

केळीचा धागा तर या दोन्ही मुलुखांना जोडणारा आहे. खानदेशांत लावलेली बसराई, तिच्यांतून निवडलेली श्रीमंती, आणि अलीकडे ऊतिसंवर्धित रोपांनीं सर्वत्र पसरलेली ग्रँड नैन, या सर्व जाती कॅव्हेंडिश वर्गांतल्या. हें नांव इंग्लंडांतील डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याचें. १८३० नंतर त्याच्या चॅट्सवर्थ येथील बागेंत जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानें ही केळ वाढविली, आणि १८३८ सालीं निघालेल्या जॉन विल्यम्स नांवाच्या मिशनऱ्याबरोबर ती सामोआस गेली. म्हणजे सावद्याच्या आणि सामोआच्या बागेंत एकाच कुळाची केळ उभी आहे. दोन्हीकडे तिनें शेतकऱ्याला पैसा दिला. दोन्हीकडे ती परक्या बाजारासाठीं वाढली.

केळीला दोष देण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तिच्याच उत्पन्नावर सावद्याकडील मुलें शिकलीं, घरें पक्कीं झालीं. पण तिच्याबरोबर जें गेलें त्याचाहि हिशेब ठेविला पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यांत विहिरींची आणि कूपनलिकांची पातळी खोल गेली आहे. ज्वारीचें क्षेत्र आटलें, कडबा आटला, बैल कमी झाले. ज्याच्या मालकीची बागाईत जमीन आहे, असा शेतकरीहि आज ज्वारी पुष्कळदां बाजारांतून आणतो. गव्हाची पोळी रोजची झाली आणि कळण्याची भाकरी पाहुणचाराची. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. या दोन्ही गोष्टी समाधानाच्या आहेत. महिलांचे बचत गट बिबड्या आणि पापड करून विकतात, हेंहि चांगलें. त्यायोगें त्यांच्या हाताला दाम मिळतो. परंतु मानांकन वांग्याला मिळतें, बडगी धरणाऱ्या हाताला नाहीं. खापराच्या पोळीची कणीक कधीं मळून झाली हें कोणत्याहि सरकारी दप्तरांत लिहून ठेवतां येत नाहीं. ज्या बायकांना तें कळतें, त्यांतील पुष्कळ आतां सत्तरीच्या पलीकडे आहेत, आणि त्यांच्या नाती पुण्या-मुंबईला नोकऱ्या करितात.

श्रोतेहो, शहरांतील कुटुंबांना याबाबतींत करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें फारसें अवघडहि नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस ताटांत ज्वारी आली, तर ती पेरण्याचें कारण शेतकऱ्याला मिळेल. चार वाट्यांना एक वाटा अख्खे उडीद घालून घरचें दळण गिरणींत देतां येतें. त्यासाठीं शेत लागत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं आजी अथवा आत्या अजून खापरावर पोळी टाकते, त्यांनीं येत्या आखाजीला आमरस ओरपून परत न फिरतां दोन दिवस आधीं जावें आणि कणीक मळण्याच्या वेळेस तिच्या शेजारीं बसावें. वहींत प्रमाण लिहून घेतलें तरी चालेल. पण एक गोळा आपल्याहि हातावर घ्यावा. पहिल्या वर्षीं तो फाटेल. आजीचाहि पहिला फाटलाच असेल.